गाणाऱ्या पोट्टीची कादंबरी कशी लिहायची: विदर्भातल्या गावापासून शेवटच्या पानापर्यंत

किशोरवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहायची आणि नायिका गाणारी घ्यायची म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात एकच प्लॉट येतो. गरीब घर, गोड गळा, कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढतो, तो व्हायरल होतो, मग मुंबईची ऑडिशन, शेवटी टाळ्या अन् बापाच्या डोळ्यात पाणी. वाचणाऱ्या पोरापोरींना हे सगळं विसाव्या पानावरच कळून जातं. आणि मुख्य घोळ असा की यात पोरगी मोठी होतच नाही, नुसती फेमस होते.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. खेड्यात आवाज एकट्याचा नसतो. पोट्टी गाते हे गावाला कळलं की भजन मंडळाला ती पाहिजे असते, शाळेला स्वागतगीताला पाहिजे असते, मोठ्या काकाला पाहुण्यांसमोर मिरवायला पाहिजे असते, इलेक्शन आलं की उमेदवारालाही पाहिजे असते. तिचं वयात येणं म्हणजे यातल्या कोणाला हो म्हणायचं अन् कोणाला नाही हे तिचं तिला ठरवता येणं. पहिला ठाम नकार ती कोणाला देते आणि त्याची काय किंमत मोजते, एवढं सापडलं की कादंबरी सापडली समजा. बाकीची सगळी खटपट तिथपर्यंत पोचायची आहे, तर ती कशी करायची ते एकेक करून सांगतो.

पायरी १: नुसता विदर्भ नाही, तालुका ठरवा

"विदर्भातलं एक गाव" असं लिहिलं की झालं असं वाटत असेल तर थांबा. अमरावती-अकोल्याकडचं कपाशी-तुरीचं गाव आणि गडचिरोली-भंडाऱ्याकडचं धानाचं गाव यांचं गाणंच वेगळं आहे राजेहो. वऱ्हाडात खंजिरी भजन घराघरात आहे, कारण तुकडोजी महाराज (१९०९ ते १९६८) इथलेच, यावलीचे, आणि त्यांचा गुरुकुंज आश्रम मोझरीला. गावोगावी सामुदायिक प्रार्थना होते, भजन मंडळं आहेत, खंजिरीच्या स्पर्धा होतात, त्यामुळं तिकडच्या पोरीच्या कानात पहिला ठेका खंजिरीचाच बसलेला असणार.

झाडीपट्टीत म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर नाटकांचा सीझन उघडतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मोठं केंद्र, कंपन्यांची ऑफिसं तिथं, बुकिंग तिथं. मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, हे असलं की रात्री नाटक ठरलेलंच, आणि ते रात्रभर चालतं, पेटी-तबला-ऑक्टोपॅड सगळं लाइव्ह. या नाटकाला २०२३ साली तिथले कलावंत परशुराम खुणे यांच्या रूपानं पद्मश्री मिळाली. तिकडच्या पोरीला गाणं म्हणजे स्टेज हे लहानपणापासून दिसतं, आणि नाटकात गाणारी बाई कशी राहते, लोक तिच्याबद्दल पाठीमागं काय बोलतात हेही दिसतं. यवतमाळ-वाशिमकडं बंजाऱ्यांचा तांडा घेतला तर होळीची लेंगी गीतं आली, मेळघाट घेतला तर कोरकू गाणी आली. जे तुम्ही ऐकलं नाही ते लिहायला घेऊ नका, किंवा घ्यायचंच असेल तर एक अख्खा सीझन तिथं जाऊन ऐका, मग घ्या.

पायरी २: गळा ठरवा, तोही सुरात

ही पायरी लोक सोडूनच देतात आणि मला तर सगळ्यात भरीव हीच वाटते. "तिचा आवाज कोकिळेसारखा होता" या वाक्यात काहीच नाही. वहीत लिहा: वय किती, पट्टी कोणती, कुठल्या सुरावर गळा अडतो, दम कुठं संपतो.

पट्टी म्हणजे पेटीवरची जी चावी सा धरून ती गाते ती; काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी चावी. गाणाऱ्या बाया साधारण काळी चार, काळी पाचच्या आसपास गातात, पुरुष काळी एक-दोनच्या आसपास. आता खरी गंमत अशी की मुलाचा आवाज फुटतो हे सगळ्यांना माहीत असतं, बाराव्या ते पंधराव्या वर्षाच्या आसपास स्वरयंत्र वाढतं, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली जातो आणि मधले काही महिने तो कुठं घसरेल सांगता येत नाही. पण मुलीचाही आवाज बदलतो, हे कोणी लिहीत नाही. तो साधारण तीन स्वरस्थानं, म्हणजे पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन चाव्या, खाली येतो, म्हणजे काळी पाचवाली पोरगी हळूहळू पांढरी पाचपर्यंत उतरू शकते, आणि मध्ये काही काळ आवाजात हवा मिसळते, वरचे सूर फाटतात किंवा लागतच नाहीत. तेराव्या वर्षी जिचं गावभर कौतुक झालं तिला चौदाव्या वर्षी आपलं काय बिघडलं ते कळत नाही, आणि सांगणारं कोणी नसतं. घरचे म्हणतात कैरी खाल्ली असशीन, मंडळातल्या बाया म्हणतात नजर लागली. वयात येण्याची कादंबरी लिहिताय ना, मग याच्याइतकी आयती गोष्ट दुसरी कुठं मिळणार?

नमुन्यादाखल एक तुकडा देतो. नायिकेचं नाव समजा रोशनी.

"भाऊमामांनी नेहमीसारखी काळी पाच धरली. रोशनीनं ध्रुवपद उचललं, बायांनी मागून ओढून घेतलं, सगळं सुरळीत चाललं होतं. अंतऱ्यात वरचा सा आला आणि तिथं आवाजाच्या जागी नुसती हवा निघाली. टाळाच्या गोंधळात कोणाच्या ध्यानात आलं नाही. मामांच्या आलं. पुढच्या भजनाला त्यांनी कोणालाच न विचारता बोट खाली आणलं.
'मामा, हे माही पट्टी नोय.'
'आता हेच हाय. म्हन.'"

यात "दुःख", "बदल", "बालपण" असला एकही शब्द नाही, तरी काय गेलं ते वाचकाला कळतं. तुमच्या कादंबरीत असा एक तरी सीन पाहिजेच, आणि तो पहिल्या एक तृतीयांशात पाहिजे.

आणखी एक टेक्निकल गोष्ट. आवाज बदलत असताना जोर लावून ओरडून गायलं, उघड्यावर, कर्ण्यावर, रात्री-रात्री, तर स्वरपट्ट्यांवर गाठी येऊ शकतात आणि आवाज घोगरा होतो. त्यावर पहिला उपाय ऑपरेशन नसतो, आवाजाला विश्रांती आणि तो नीट वापरायचं ट्रेनिंग असतं. म्हणून डॉक्टरनं "आता कधीच गाऊ शकणार नाही" म्हणायचा फिल्मी सीन टाकू नका. "दोन आठवडे कमी बोल" हे गावात, मोठ्या घरात, ऐन सणात पाळणं जास्त अवघड आहे आणि त्यात सीनही जास्त निघतात.

पायरी ३: ती शिकली कोणाकडून

एकच गुरू नको. खेड्यातला गळा दहा ठिकाणून गोळा झालेला असतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, पोळ्याला म्हणतात त्या झडत्या, पारावरचं भजन, भावाच्या ब्लूटूथ स्पीकरवरचं काहीही, आणि रात्री गोधडीत हेडफोन लावून ऐकलेला कराओके ट्रॅक. भुलाबाई तर जरूर घ्या, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी जाऊन गातात आणि शेवटी डबा वाजवून खाऊ ओळखायला लावतात. तिथं गाण्याला श्रोते नाहीत, नंबर नाही, माईक नाही, सगळ्याच गातात. पुढं ती स्टेजवर एकटी पडते तेव्हा या गाण्याचा फरक आपोआप जाणवतो, तुम्हाला सांगावा लागत नाही.

शास्त्रीय शिकत असेल तर गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांचा क्रम बरोबर लिहा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद. पंधरा वर्षांच्या पोरीला एकदम विशारद करून टाकणारे लेखक आहेत, जाणकार वाचक तिथंच पुस्तक मिटतो. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव मार्क मिळतात, आणि खूप घरांत क्लासला परवानगी मिळायचं खरं कारण तेच असतं. बाप म्हणतो, "मार्क भेटते नं, मंग जाय." हे एक वाक्य बापाबद्दल पुष्कळ सांगून जातं.

क्लासला जायचं कसं हेही ठरवा. तालुक्याला जाणारी एसटी, मुलींसाठीची मानव विकासची निळी बस, तिची वेळ शाळेची, क्लासची नाही. क्लास सुटला आणि बस गेली तर ती कोणाच्या गाडीवर मागं बसून येते, आणि ते कोण पाहतं, यात दोन प्रकरणं निघतात.

पायरी ४: हक्क सांगणाऱ्यांची यादी करा

वहीचं एक पान घ्या. डावीकडं जे जे तिचा आवाज मागतात त्यांची नावं लिहा, मधे ते बदल्यात काय देतात, उजवीकडं काय घेतात. भजन मंडळ तिला मान देतं, पण गाणं कोणतं हे तेच ठरवतं. शाळा टीसीपर्यंत सगळीकडं सांभाळून घेते, पण गॅदरिंगच्या वेळी तासच्या तास खाते. ऑर्केस्ट्रावाला नगद पैसे देतो, पण घरी यायला रात्रीचे दोन वाजतात, आणि सकाळी हापशीवर बाया गप्प होतात. उमेदवार शिनेमाच्या चालीवर प्रचाराचं गाणं म्हणायला लावतो, ऑटोवर ते गावभर वाजतं, आणि निकाल उलटा लागला की निवडून आलेल्या पार्टीच्या पोरांशी तिच्या भावाची शाळेत मारामारी होते. चुलतभाऊ न विचारता तिची रील टाकतो, खाली लोक जे लिहितात ते तिच्या आईला शेजारीण वाचून दाखवते.

यात एक नियम पाळा. यादीतला कोणीही पक्का खलनायक नको. भजन मंडळाची बाई खरोखर प्रेमानं हक्क सांगत असेल तरच तिला नाही म्हणणं जड जातं. जो माणूस वाईटच आहे त्याला नाही म्हणायला पोरीला मोठं व्हावं लागत नाही.

जातीचं आणि वस्तीचं गाणं हे टाळून खेडं लिहिता येत नाही. १४ एप्रिलला एका वस्तीत भीमगीतांचा कार्यक्रम रात्रभर रंगतो आणि गावाच्या दुसऱ्या बाजूला काही घरांत लाइट लवकर बंद होतात. तुमची रोशनी कोणत्या बाजूची आहे? जिवलग मैत्रीण पलीकडची असेल आणि "मायासंग म्हनशीन का?" असं तिनं विचारलं, तर घरचे काय बोलतील? हा प्रसंग भाषणबाजी न करता लिहा. कोण चहा पितो, कोण आलेल्या कपाला हात लावत नाही, कोण रात्री उशिरा मागच्या दारानं ऐकायला येतो, एवढं पुरे.

पायरी ५: कॅलेंडर भिंतीला लावा

प्लॉट सुचत नसेल तर गावाचं वर्ष उलगडा, अर्धा प्लॉट तिथंच पडलेला असतो. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडते, आपल्याकडं उन्हामुळं जूनच्या शेवटी-शेवटी. तेव्हा पेरणी चालू असते, पैसे सगळे बियाण्यात गेलेले, म्हणून क्लासची फी जुलैत भरणं अवघड. श्रावणाच्या अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मग गणपती, भुलाबाई, देवी. दसऱ्याच्या पुढंमागं सोयाबीन निघतं, कपाशीची पहिली वेचणी लागते, आणि शाळेतल्या पोरी वर्गात कमी, वावरात जास्त दिसायला लागतात. दिवाळीच्या आसपास गुरुकुंजात तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते, तिथं ठरलेल्या क्षणी हजारो माणसं मौन श्रद्धांजलीला गप्प उभी राहतात. गाण्याच्या कादंबरीत एवढा मोठा गप्पपणा वापरून पाहा, वऱ्हाडातलं गाव असेल तर ही जागा सोडू नका. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग, २६ जानेवारी, मग दहावीची परीक्षा, मग लग्नसराई आणि पंचेचाळीसच्या पुढचं ऊन.

आता यात दोन गोष्टी एकाच दिवशी आणून ठेवा. स्पर्धा आणि वेचणी, परीक्षा आणि चुलत बहिणीचं लग्न. योगायोग वाटत नाही, कारण खेड्यात खरंच असं होतं. लाउडस्पीकरची मुदत रात्री दहापर्यंत आहे, काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, त्यामुळं तिचा नंबर लागायच्या आधी पोलीस येऊन माईक बंद करतात हाही प्रसंग अगदी खरा आहे.

पायरी ६: गाणं कागदावर कसं ऐकवायचं

आधी कायद्याचं उरकून घेऊ. कवी-गीतकार गेल्यावर त्याचा कॉपीराइट ६० वर्षं टिकतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायचं. म्हणजे तुकडोजी महाराजांची भजनं हिशेबानं २०२८ संपेपर्यंत, आणि अमरावतीचे सुरेश भट २००३ मध्ये गेले, तर त्यांच्या गझला २०६३ पर्यंत. सिनेमाच्या गाण्याच्या ओळी छापायला परवानगी लागते, ती मिळवत बसू नका, त्या ओळीच टाळा. तुकोबांचे अभंग, जात्यावरच्या पारंपरिक ओव्या मोकळ्या आहेत. त्याहून चांगलं म्हणजे स्वतः लिहा. मोठ्या अभंगाचा साचा सोपा आहे, तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. रोशनीच्या वहीत असं काही असू शकतं:

माय वेचे बोंड । मी वेचतो सूर ।
धुऱ्याहून दूर । गेलं गानं ॥

आता वर्णन. "सगळे मंत्रमुग्ध झाले" हे वाक्य खोडून टाका, कायमचं. गाताना प्रत्यक्ष काय होतं ते लिहा. माईकवाला इको वाढवून ठेवतो म्हणून तिचाच आवाज मागून तिच्यावर आदळतो आणि ताल चुकतो. माईक तोंडाला लावला तर "भ" आणि "फ" फुटतात, दूर धरला तर कर्णा शिट्टी मारतो. समोर मॉनिटर स्पीकर नसतो, स्वतःचं गाणं स्वतःला नीट ऐकूच येत नाही, म्हणून ती एक कान बोटानं बंद करते आणि पाहणाऱ्याला वाटतं नखरे करते. तबलजी लय वाढवतो कारण त्याला शेवटची गाडी पकडायची आहे. श्रोत्यांमध्ये एक म्हातारा झोपलेला, एक पोरगं भेळ खातंय, पहिल्या रांगेत सरपंच फोनवर. यातून जी ओळ नीट निघते ती वाचकाला ऐकू येते. आणि प्रत्येक गाण्याचं वर्णन नको, अख्ख्या पुस्तकात तीनदा-चारदा तब्येतीत लिहा, बाकी वेळी "मग तिनं दोन भजनं म्हटली" पुरतं.

पायरी ७: बोली

संवाद वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत, निवेदन साध्या मराठीत, हे बहुतेकांना जमतं. निवेदन पोरीच्या तोंडचं असेल तर तेही बोलीत चालतं, पण मग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत निभवा. वऱ्हाडातली पोरगी "मी जातो, मी करतो" म्हणते, "जाते" नाही, हे पुण्याचा संपादक चूक समजून दुरुस्त करेल, त्याला आधीच सांगून ठेवा. "काऊन", "मले", "करून रायली", "येजो" हे हवंच, पण दर वाक्यात "बे" टाकून बोली होत नाही, त्यानं नुसती कॉमेडी होते. माणसाप्रमाणं बोली बदला: आजी पक्की बोलते, मास्तर अर्धं-अर्धं, रोशनी मैत्रिणीशी एक आणि स्टेजवर निवेदन करताना दुसरं. नागपूरला गेल्यावर ती जाणूनबुजून "आहे" म्हणायला लागते, आणि घरी फोनवर आई विचारते, "तू अशी काऊन बोलून रायली वं?" तिथं समजावून सांगायला जाऊ नका.

पायरी ८: ऑडिशन मधात, नकार शेवटाकडं

ऑडिशन किंवा मोठी स्पर्धा टाकायचीच असेल तर पुस्तकाच्या मध्यावर टाका. जिंकू द्या, हरू द्या, मला काही फरक पडत नाही, पण ती उरकून परत गावात आली पाहिजे. कारण परतल्यावर यादीतले सगळे हक्क सांगणारे दुप्पट जोरानं येतात. हरली असेल तर सहानुभूती घेऊन येतात, ती जास्त वाईट.

मग नकार. तो भाषणात नसावा. मंडळाच्या बाया बोलवायला दारात आल्या आणि ती म्हणते, "मी आज नाई येत, माहा पेपर हाय." एवढंच. पण त्या मंडळात तिची आई तीस वर्षं टाळ वाजवतेय आणि आज आई एकटी जाणार आहे हे वाचकाला माहीत असलं पाहिजे. किंवा उलटं करा, तालुक्याच्या ऑर्केस्ट्राला नाही म्हणून ती मंडळात परत जाते, पण आता भजन कोणतं म्हणायचं हे तीच सांगते. दोन्ही चालतात. किंमत मात्र खरी लावा: मैत्रीण तुटते, फी बंद होते, आई महिनाभर कामापुरतं बोलते. शेवटच्या प्रकरणात सगळं गोड करून टाकायचा मोह होईल, निदान एक नातं तुटकंच राहू द्या.

पायरी ९: वाचून दाखवा, मग पाठवा

तीस-चाळीस हजार शब्द या वयोगटाला पुष्कळ झाले. पहिला खर्डा झाला की ओळखीच्या मास्तरांना विचारून आठवी-नववीच्या वर्गात दोन प्रकरणं मोठ्यानं वाचा, स्वतः वाचा, पोरांच्या हातात कागद देऊ नका. कुठं चुळबुळ होते तिथं पेन्सिलनं खूण करा, बहुतेक वेळा तिथं तुम्ही समजावून सांगत असता. एखाद्या भजन मंडळातल्या पेटीवाल्याला गाण्याचे सीन ऐकवा, तो पट्टीच्या आणि तालाच्या चुका पटकन काढतो आणि त्याला कादंबरीचं काही पडलेलं नसतं, म्हणून खरं बोलतो.

एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहत असेल तर ते आधी मासिकाकडं पाठवून पाहा. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन वाचता येतात, तिथली भाषा आणि लांबी पाहून घ्या. प्रकाशकाला पाठवताना सोबत एक पानाचा सारांश आणि बोलीबद्दल चार ओळींची सूचना जोडा. आणि मुखपृष्ठावर हातात माईक अन् केस वाऱ्यावर असली मुलगी नको हे पहिल्याच मेलमध्ये लिहून टाका, नंतर कोणी ऐकत नाही.